शिवारातली यंत्रं एकमेकांना कशी सापडतात

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव धरणाच्या उजव्या कालव्याखालच्या गावांत आता बऱ्याच जातींची जोडलेली यंत्रं दिसतात. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड घातलेला मोबाइल स्टार्टर असतो. सौरपंपाच्या कंट्रोलरला दूरवरून देखरेख करणारं उपकरण लावलेलं असतं. महसूल मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित हवामान केंद्र उभं असतं, एखाद्या हौशी बागायतदाराच्या उसात ओलावा मोजणारा सेन्सर रोवलेला असतो, आणि घरांवर स्मार्ट मीटर बसू लागले आहेत. यातलं प्रत्येक यंत्र आपापल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतं, शेजारच्या बांधावरच्या यंत्राला मात्र ओळखत नाही. ओलाव्याचा सेन्सर आणि पाणी देणारी मोटर शंभर फुटांवर असली तरी सेन्सरचा आकडा आधी शेकडो किलोमीटर दूरच्या डेटा सेंटरला जातो, तिथून शेतकऱ्याच्या एका ॲपवर येतो, आणि मग शेतकरी दुसरं ॲप उघडून मोटर बंद करतो.

ही यंत्रं एकमेकांना जोडायची तर सॉफ्टवेअरला आधी तीन गोष्टी कळाव्या लागतात: आसपास कोण आहे, त्याच्याकडे काय आहे, आणि ते कोणत्या भाषेत मागायचं. इंटरनेट ऑफ थिंग्जमध्ये याला रिसोर्स डिस्कव्हरी म्हणतात. रिसोर्स म्हणजे यंत्राकडून वाचून घेता येणारी किंवा त्याच्याकडून करवून घेता येणारी प्रत्येक गोष्ट, मग तो विहिरीतल्या पाण्याच्या पातळीचा आकडा असो, मोटरचं चालू-बंद बटण असो की बॅटरीचा व्होल्टेज. या विषयावर गेल्या पंचवीसेक वर्षांत भरपूर काम झालं आहे. त्यातलं बरंचसं मात्र घर, कार्यालय आणि कारखाना डोळ्यांसमोर ठेवून झालं. बीड जिल्ह्यात वीज पाळीने येते, रेंज येते-जाते आणि यंत्राचा मालक वर्षातले काही महिने दुसऱ्या जिल्ह्यात असू शकतो. तिथे कोणती पद्धत टिकेल, हा या आढाव्यातला माझा प्रश्न आहे.

आधी आपल्याकडे आजवर काय चालत आलं ते पाहू. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'ने मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याची सोय महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या हाती दिली, आणि पुढे तशा स्टार्टरांची अनेक मॉडेलं बाजारात आली. यात डिस्कव्हरीचं काम माणूसच करतो. पेटीतल्या सिमचा नंबर फोनमध्ये 'मोटर मळा' किंवा 'मोटर नदी' अशा नावाने साठवला की यंत्र सापडलं. ही व्यवस्था इतकी वर्षं टिकली याचं कारण तिचा साधेपणा आहे. यंत्राला कुणाला शोधावं लागत नाही, कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, शोधापायी बॅटरीचा एक थेंबही खर्च होत नाही. पण सिमचा रिचार्ज संपून नंबर बंद पडला की यंत्र हरवतं. आणि घरातल्या एकाच्या फोनमध्ये असलेला नंबर दुसऱ्या सॉफ्टवेअरला काहीच सांगत नाही: ती मोटर किती अश्वशक्तीची, विहिरीवर आहे की बोअरवर, तिच्या पेटीत व्होल्टेज मोजायची सोय आहे की नाही, यातलं काहीही.

संगणकांच्या जगातलं पहिलं उत्तर गावाला ओळखीचं आहे: दवंडी. नेटवर्कवर सगळ्यांना ऐकू जाईल असा प्रश्न सोडायचा, आणि ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने बोलायचं. घरातला टीव्ही आणि फोन एकमेकांना शोधतात ते यूपीएनपीच्या एसएसडीपीने, आणि प्रिंटर आपोआप सापडतो तो एमडीएनएस आणि डीएनएस-एसडी या जोडीने. ही जोडी ॲपलने आधी वापरात आणली आणि २०१३ मध्ये ती इंटरनेटचं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. लहान यंत्रांसाठी कोॲप हा हलका प्रोटोकॉल २०१४ मध्ये आला. त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, यंत्राने आपल्या रिसोर्सची यादी कशी सांगावी याचं प्रमाण ठरलं होतं. प्रत्येक यंत्रावर 'वेल-नोन कोअर' नावाचा एक ठरलेला पत्ता असतो. तिथे विचारलं की यंत्र आपल्याकडच्या सगळ्या गोष्टी प्रकारासह सांगतं. ओपन कनेक्टिव्हिटी फाउंडेशन आणि तिचं आयोटिव्हिटी हे मुक्त सॉफ्टवेअर याच पायावर उभं आहे.

दवंडीचा खर्च प्रश्नात नसतो, उत्तरांत असतो. एका प्रश्नाला चाळीस यंत्रांनी एकदम उत्तर दिलं तर हवेत गोंधळ होतो, निरोप एकमेकांवर आदळतात, पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून कार्यक्षम डिस्कव्हरीची बहुतेक हुशारी उत्तरं कमी करण्यात खर्च झाली आहे. कोॲपमध्ये सगळ्यांना विचारलेल्या प्रश्नाला यंत्र लगेच उत्तर देत नाही, एका ठरावीक अवधीत मनाला येईल तितकं थांबून देतं. हा अवधी मुळात पाच सेकंदांचा धरलेला आहे. एमडीएनएसमध्ये विचारणारा आपल्याला आधीच ठाऊक असलेली उत्तरं प्रश्नातच जोडतो, म्हणजे ती यंत्रं गप्प राहतात. तोच प्रश्न पुन्हा विचारायचा तर मधलं अंतर दुपटीने वाढवत नेतो, तासाभराच्या मर्यादेपर्यंत. आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे चाळणी. 'कोण कोण आहे?' असं मोघम विचारण्याऐवजी 'पाण्याची पातळी मोजणारं कोण आहे?' असं विचारलं की चाळीसपैकी तिघंच बोलतात. आयोटिव्हिटीवर काम करणाऱ्या नवख्या प्रोग्रॅमरांच्या हातून होणारी सर्वांत महागडी चूक हीच: चाळणी न लावता सगळं मागवायचं आणि निवड आपल्या बाजूला करायची. घरातल्या वायफायवर ते खपून जातं. शिवारात खपत नाही.

का खपत नाही ते रेडिओच्या हिशेबातून नीट दिसतं. शेतातल्या सेन्सरसाठी सध्या लोकप्रिय असलेलं लोरावॅन हे लांब पल्ल्याचं रेडिओ जाळं घ्या. भारतात ते ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतं. निरोप झेलणारा गेटवे दूर असला, मध्ये बालाघाटाच्या डोंगररांगेचा चढ असला, तर यंत्राला सर्वांत मंद वेगाने बोलावं लागतं, आणि त्या वेगात एका निरोपात जास्तीत जास्त ५१ बाइट मावतात. एवढा भरलेला निरोप हवेत अडीच सेकंदांहून जास्त काळ राहतो. समजा यंत्राची रिसोर्स-यादी ३०० बाइटची आहे. आंतरजालाच्या मानाने हा आकडा नगण्य. इथे मात्र तिचे सहा तुकडे होतील आणि रेडिओ पंधरा सेकंदांहून जास्त चालू राहील. दिवसातून काही वेळा छोटा आकडा पाठवून एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालावं अशा बेताने बनवलेल्या यंत्राला प्रत्येक नव्या ॲपने अशी यादी विचारली, तर बॅटरी बघता बघता उतरेल. शिवाय लोरावॅनच्या सर्वसाधारण वर्गातलं यंत्र स्वतः बोलल्यानंतर थोडा वेळच कान उघडे ठेवतं, एकदा साधारण सेकंदाने आणि एकदा दोन सेकंदांनी. बाकीचा सगळा वेळ ते झोपलेलं असतं. झोपलेल्याला दवंडी ऐकू जात नाही.

सिमकार्डवरच्या यंत्रांची गोष्ट आणखी निराळी आहे, आणि बीडमधली बरीचशी यंत्रं याच गटात येतात. दवंडी एका स्थानिक नेटवर्कच्या वेशीच्या आतच घुमते. शेजारशेजारच्या दोन विहिरींवरचे स्टार्टर दोन वेगळ्या मोबाइल जोडण्यांवर असतात, म्हणून त्यांच्यात दहा पावलांचं अंतर असलं तरी नेटवर्कच्या नजरेने ते दोन वेगळ्या गावांत असतात. एमडीएनएस, एसएसडीपी, कोॲपची सामूहिक हाक, यातलं काहीच तिथे पोहोचत नाही. घरासाठी म्हणून २०२२ मध्ये आलेलं मॅटर हे नवं प्रमाणही डीएनएस-एसडीवरच विसंबतं. बीड शहरातल्या फ्लॅटमध्ये ते छान चालेल. धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या शेतात ते काय शोधणार?

म्हणून दुसरा मार्ग, नोंदवहीचा. यंत्राने स्वतःहून येऊन नाव नोंदवायचं, आणि ज्याला शोधायचं त्याने नोंदवहीला विचारायचं. यंत्र झोपलं असलं तरी त्याच्या वतीने नोंदवही उत्तर देते. या पद्धतीचं सविस्तर प्रमाण, कोअर रिसोर्स डिरेक्टरी, २०२२ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालं. नोंदणीत यंत्राचं नाव, त्याचा विभाग, त्याचा पत्ता, रिसोर्सची यादी आणि ही नोंद किती काळ खरी मानायची ती मुदत एवढंच असतं. मुदत संपायच्या आत यंत्राने एक छोटा निरोप पाठवून नोंद ताजी करायची. केली नाही तर नोंद आपोआप गळून पडते, कुणी पुसायला जावं लागत नाही. मोबाइल जाळ्यावरच्या यंत्रांसाठी रुळलेल्या लाइटवेट एमटूएम या प्रमाणाचा गाभाही हाच आहे. यंत्र सुरू झालं की सर्व्हरकडे नोंदणी करतं आणि आपल्याकडे कोणकोणत्या वस्तू आहेत ते क्रमांकांनी सांगतं.

ही मुदत किती असावी, हा प्रश्न वाचायला किरकोळ वाटतो. बीडमध्ये सगळं त्याच्यावर येऊन थांबतं. प्रमाणात मुदत सांगितली नसेल तर ९०,००० सेकंद धरतात, म्हणजे पंचवीस तास. रोज एकदा बोलणाऱ्या यंत्राला एक तासाची सवलत, असा त्यामागचा साधा हिशेब दिसतो. आता शेतीच्या फिडरवरची पाळी बघा. एका आठवड्यात थ्री-फेज वीज दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. दिवसाची पाळी दुपारी चारला संपली आणि रात्रीची पाळी दुसऱ्या दिवशी रात्री दहाला सुरू झाली, तर मध्ये तीस तास गेले. ज्या स्टार्टरला बॅटरीचा आधार नाही त्याची नोंद पाळी बदलण्याच्या त्याच वेळी गळून पडेल, आणि शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला वाटेल की अख्ख्या फिडरवरच्या मोटरी गायब झाल्या. डीपी, म्हणजे रोहित्र, जळाली तर अंधार काही दिवसांचाही असतो. माझ्या मते इथली मुदत आठवडाभराची हवी, आणि तिच्याबरोबर 'शेवटचं कधी बोललं' ही वेळ ठळक हवी. मुदत लांबवली की खोटी नोंद जास्त दिवस राहते, हे खरं. मोटर किंवा केबल चोरीला गेली तरी आठवडाभर नोंदवही ती आहेच म्हणेल. पण शेवटच्या बोलण्याची वेळ समोर असली, आणि त्याच डीपीवरच्या इतर यंत्रांशी ती ताडून पाहता आली, तर एकटंच गप्प झालेलं यंत्र आणि वीज गेल्यामुळे गप्प झालेली दहा यंत्रं यांतला फरक लगेच कळतो. ही तुलना नोंदवहीच करू शकते. सुटं सुटं ॲप करू शकत नाही.

यंत्र गप्प होण्याचा तिसरा प्रकार दसऱ्यानंतरच्या महिन्यांतला. जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती थेट गाळप हंगाम संपल्यावर परततात. कोरडवाहू रानातल्या एखाद्याच विहिरीवरची मोटर या काळात बंद राहते आणि सिमचा रिचार्जही राहून जातो. असं यंत्र नोंदवहीतून कायमचं पुसलं तर वैशाखात परतलेल्या माणसाला सगळी जोडणी पहिल्यापासून करावी लागेल. म्हणून 'आत्ता नाही' आणि 'कधीच नाही' या दोन अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतील. मूळ प्रमाणात तशी सोय नाही. ती नोंदवही चालवणाऱ्याने वरून जोडायची आहे, आणि ते अवघड नाही.

वीज परत येते तेव्हाचा प्रसंग तर जवळून बघण्यासारखा आहे. शेतीपंपांचे ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण सातत्याने करत आली आहे. वीज येताच सगळ्या मोटरी एकदम उचलतात आणि रोहित्रावर भार येतो, म्हणून. यंत्रांच्या नोंदणीचंही त्याच मिनिटाला तेच होतं. फिडर चालू झाला की त्यावरचे सगळे कंट्रोलर एकाच क्षणी जागे होतात आणि एकाच क्षणी नोंदणीला धावतात. गावाच्या एकुलत्या टॉवरवर गर्दी होते, निम्म्यांची नोंदणी फसते, फसलेले पुन्हा प्रयत्न करतात आणि पुन्हा एकत्रच करतात. उपाय जुनाच आहे आणि फुकट आहे: प्रत्येक यंत्राने जागं झाल्यावर मनाला येईल तितकं, समजा पाच-दहा मिनिटांच्या आत कधीही, थांबून बोलावं, आणि फसल्यास थांबा दुपटीने वाढवावा. सेन्सर नेटवर्कसाठी २०११ मध्ये प्रमाण झालेली ट्रिकल ही पद्धत याच विचाराची पुढची पायरी आहे. काही बदललं असेल तर लवकर आणि वारंवार बोला, सगळं जैसे थे असेल तर बोलण्यातलं अंतर वाढवत न्या, आणि शेजाऱ्यांनी तेच सांगितलेलं ऐकलं असेल तर गप्प राहा. यादी बदललीच नसेल तर ती पुन्हा पाठवायचीही गरज नाही. कोॲपमध्ये यादीच्या जागी एक छोटी खूण पाठवून 'तीच आहे' एवढंच सांगता येतं. कंट्रोलरच्या प्रोग्रॅममध्ये हे सगळं मिळून थोड्याच ओळींचं काम आहे. स्वस्तातल्या पेट्यांमध्ये नेमकं तेच वगळलेलं असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संशोधनात याहून गुंतागुंतीच्या कल्पनाही बऱ्याच आहेत. नोंदवही एका जागी न ठेवता सगळ्या यंत्रांत विभागून ठेवणं, शेजाऱ्याकडच्या रिसोर्सचा गोळीबंद सारांश जवळ बाळगणं, कोणता प्रश्न कुणाकडे पाठवावा हे अनुभवातून शिकणं. दहा किलोबाइट मेमरीच्या यंत्राकडून ही अपेक्षा करणं मला पटत नाही. गावात पाचपन्नास यंत्रं आहेत. ग्रामपंचायतीत किंवा विकास सोसायटीत बॅटरीवर चालणारा एक लहान संगणक ही नोंदवही आरामात सांभाळेल, आणि तिची प्रत तालुक्याला राहील. इंटरनेट तुटलं तरी गावातल्या लोरा गेटवेवरची यंत्रं एकमेकांना सापडत राहतील. नोंदवहीचा पत्ता यंत्राला कसा कळणार, याचं उत्तर इथे साधंच ठेवावं: यंत्र बसवतानाच तो त्यात घालायचा. वेब ऑफ थिंग्जच्या २०२३ च्या डिस्कव्हरी प्रमाणात शोधाचे दोन टप्पे केले आहेत, आधी ओळख आणि मग तपशील. ओळखीसाठी क्यूआर कोडही चालतो. पेटीच्या झाकणाच्या आत, उन्हापावसापासून वाचेल अशा जागी चिकटवलेला क्यूआर कोड हे शिवारात सर्वांत कमी खर्चाचं साधन आहे.

इथवर सापडण्याबद्दल झालं. सापडलेल्या गोष्टीचा अर्थ कळणं हा याहून जड भाग आहे, आणि त्यात आपल्याच घरांवरचा वीजमीटर चांगला धडा देतो. भारतातले स्मार्ट मीटर डीएलएमएस या भाषेत बोलतात आणि आयएस १५९५९ हे भारतीय प्रमाण त्यांना लागू आहे. मीटरशी जोडणी झाली की त्याच्याकडे कोणकोणत्या नोंदी आहेत याची यादी तो स्वतःच देतो, आणि प्रत्येक नोंदीला ठरलेला संकेतांक असतो. १.०.१.८.०.२५५ म्हणजे आजवर वापरलेल्या विजेचे एकूण युनिट, मग मीटर कोणत्याही कंपनीचा असो. शेतीच्या सेन्सरांना अशी शिस्त ऐच्छिक आहे. लाइटवेट एमटूएममध्ये ३३०३ म्हणजे तापमान, असे वस्तूंचे क्रमांक आहेत. आकड्याबरोबर एकक पाठवण्याचं सेनएमएल हे प्रमाण २०१८ पासून आहे. तरीही एक कंपनी ओलावा टक्क्यांत पाठवते, दुसरी सेन्सरचा कच्चा आकडा, तिसरी मातीचा ताण किलोपास्कलमध्ये. काळ्या भारी जमिनीतले तीस टक्के आणि मुरमाड जमिनीतले तीस टक्के पिकाच्या दृष्टीने सारखे नसतात. सेन्सर किती खोल पुरला आहे हेही नोंदीत नसेल तर सापडलेला रिसोर्स कुचकामी आहे.

पावसाच्या बाबतीत ही गोष्ट थेट पैशाची होते. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, आणि नुकसानीचा विचार त्यावरून होतो. राज्य सरकारने स्कायमेट या कंपनीबरोबर उभारलेल्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक एक याप्रमाणे दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. एका मंडळात मात्र बरीच गावं येतात, आणि बालाघाटाच्या एका कुशीत कोसळणारा पाऊस दुसऱ्या कुशीला कोरडं ठेवतो, हे पाटोदा-आष्टीच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. केंद्र सरकारच्या विंड्स या योजनेत ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्याचा बेत आहे. तसं झालं तर एकट्या बीडमध्ये पर्जन्यमापकांची संख्या हजाराच्या घरात जाईल. अशा वेळी 'या गट नंबरला सर्वांत जवळचं, गेल्या तासात बोललेलं, तपासणीची तारीख उलटून न गेलेलं पर्जन्यमापक कोणतं?' हा प्रश्न विचारता येणं आणि त्याला एकच खात्रीचं उत्तर मिळणं हे शेतकऱ्याच्या हक्काचं आहे. डिस्कव्हरीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने जागा, ताजेपणा आणि तपासणीची तारीख या तीन चाळण्या पहिल्या दिवसापासून नोंदवहीत ठेवाव्यात.

आता यातली धोक्याची बाजू. जे आपल्याला सापडतं ते इतरांनाही सापडतं. शोडानसारखी शोधयंत्रं जगभरातली उघडी उपकरणं शोधून त्यांची यादी ठेवतात, आणि २०१६ मध्ये मिराय या मालवेअरने अशाच उघड्या कॅमेऱ्यांना आणि राउटरांना वेठीला धरून इंटरनेटचा मोठा भाग काही तास बंद पाडला होता. छोट्या प्रश्नाला लांबलचक यादी देणारं यंत्र तर हल्लेखोराच्या फार कामाचं: खोट्या पत्त्यावरून प्रश्न विचारायचा आणि उत्तरांचा लोंढा तिसऱ्याच्या अंगावर सोडायचा. एसएसडीपीचा असा वापर झाला आहे. म्हणून नोंदवहीने ओळख पटल्याशिवाय यादी देऊ नये आणि अनोळखी प्रश्नाला लांब उत्तर देऊ नये.

बीडमध्ये याला आणखी एक पदर आहे. इथे कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे ही फार नाजूक माहिती असते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडल्यावर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्या टंचाईत बीड जिल्हाही होता. अशा वर्षी कोणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागतं हे कुणालाही शोधता येऊ लागलं तर टँकरवाले, खरेदीदार आणि भाऊबंद यांच्या दडपणाला तो शेतकरी तोंड कसं देणार? पाण्याच्या पातळीचा रिसोर्स मालकाला पूर्ण दिसावा, भूजल सर्वेक्षण यंत्रणेला सरासरी म्हणून दिसावा, आणि इतरांना तो आहे हेसुद्धा दिसू नये. 'आहे, पण तुला नाही' हे उत्तरही कधी कधी जास्त सांगून जातं. ऊसतोडीला जाताना मोटरीचा ताबा धाकट्या भावाकडे हंगामापुरता देता यावा आणि परतल्यावर तो आपोआप संपावा, हीदेखील नोंदवहीचीच जबाबदारी.

महाराष्ट्र सरकारच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, आणि त्यात शेतीच्या माहितीची देवाणघेवाण करणारी सामाईक यंत्रणा उभारण्याचा समावेश आहे. तिच्या तळाशी यंत्रांची नोंदवही लागेलच. ती आधी एखाद्या कालव्यावरच्या चार-पाच गावांत, एक पूर्ण खरीप आणि एक पूर्ण ऊसतोडीचा हंगाम चालवून पाहावी. तपासायच्या गोष्टी चार: पाळी बदलली तेव्हा किती नोंदी उगाच गळाल्या, वीज आल्यावर पहिल्या दहा मिनिटांत किती नोंदण्या फसल्या, एका शोधापायी किती झोपलेली यंत्रं जागी करावी लागली, आणि केबल चोरीला गेल्यापासून मालकाला कळेपर्यंत किती तास लागले. अनुदानावर मिळणाऱ्या प्रत्येक कंट्रोलरच्या निविदेत आजच तीन अटी घालता येतील: यंत्राने आपली रिसोर्स-यादी एककांसह खुल्या प्रमाणात द्यावी, नोंदवहीचा पत्ता आणि नोंदणीची मुदत मालकाला बदलता यावी, आणि जागं झाल्यावरचा पहिला निरोप ठरावीक अवधीत कधीही, पण सगळ्यांनी एकदम नाही, असा पाठवावा. कंपनी बंद पडली तरी अशी पेटी दुसऱ्या सर्व्हरला जोडता येते, आणि पेटीसाठी भरलेला वाटा शेतकऱ्याच्या खिशातून दुसऱ्यांदा जात नाही.